उत्तरपक्ष बाकी आहे

हात वर गेला होता, याबद्दल वाद नव्हता. बगिच्यात जमलेल्या सगळ्या कॉलनीने तो पाहिला होता. वाद एवढाच होता, की हात आपला आपण वर गेला होता की लक्ष्मीकांत दप्तरदार सरांनी तो वर केला होता. आणि हा वाद सरांचा दुसऱ्या कोणाशी नव्हता, स्वतःशीच होता. गेला महिनाभर दाढी करताना, चहा ढवळताना, देवळाबाहेर चपला शोधताना तो डोक्यात चालूच होता. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं हे असंच असतं. बाकीच्यांचा वाद मिटला की ते जेवतात, याचा तिथून सुरू होतो.

झालं होतं असं. आनंदविहार कॉलनीच्या रहवासी संघाची बैठक होती, रविवारी सकाळी, बगिच्यात, पोहे-जलेबीसकट. इंदुरात पोह्यांशिवाय माणसं जमत नाहीत आणि जमली तरी मनापासून जमत नाहीत. सेक्रेटरी उदयसिंह मोहिते उभा राहून म्हणाला, की मिलवाल्या गल्लीच्या तोंडाला लोखंडी गेट बसवायचं, कुलूप घालायचं, पुढच्या बैठकीत मत घेऊन पक्कं करू. मग रिवाजाप्रमाणे त्याने विचारलं, "किसी का विरोध?" हा प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता जलेबीच्या पुड्याचा दोरा सोडायचा, अशी तिथली पद्धत. दोरा सुटत होता तेवढ्यात सरांना आपल्या उजव्या खांद्यात काहीतरी हललेलं जाणवलं, आणि बघतात तो हात वर निघालेला. कानापर्यंत पोचला, तिथे कळ आली, थांबला. सगळे बघायला लागले. उदयसिंहानेच हसून विचारलं, "सर, कसरत आहे की विरोध?" हशा पिकला. सरांचा खांदा आखडलाय, इलाज चालू आहे, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक. सरही हसले. "कसरत, कसरत," म्हणाले आणि हात खाली घेतला. पोहे चांगले होते. पण घरी येताना त्यांना पोह्यांची चव आठवेना, आणि हात मात्र आठवत राहिला.

आता गंमत बघा. हात वर जाणं आणि हात वर करणं यात फरक काय, हा प्रश्न सरांनी वर्षानुवर्षं बी.ए.च्या वर्गात फळ्यावर मांडलेला. झोपेत हात वर जातो, डास मारायला वर जातो, शपथ घ्यायला वर जातो. हाडं तीच, स्नायू तेच, मग शपथेत जास्तीचं काय असतं? पोरं खिडकीबाहेर बघायची. आता तोच प्रश्न सरांच्याच खांद्यात येऊन बसला होता, आणि उत्तर विचारायला वर्गही उरला नव्हता.

मतं न देणं हे दप्तरदारांच्या घराण्यात फार जपलेलं होतं, दुसऱ्यांच्या घरात चांदीची भांडी जपतात तसं. पणजोबा नानासाहेब होळकरांच्या दरबारात दप्तर सांभाळायचे. त्यांचं एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं: दरबारात कान दोन न्यावे, डोळे दोन न्यावे, तोंड घरी ठेवून जावं. संस्थान गेलं, दरबार गेला, पण वाक्य काही गेलं नाही. सरांचे वडील सरकारी कचेरीत चढत चढत वरपर्यंत गेले ते याच वाक्याला धरून. त्यांना आईने विचारलं, भाजी कशी झालीय, तर ते म्हणायचे, "झालीय." एवढंच. मीठ कमी असलं तर मुकाट्याने घ्यायचे, जास्त असलं तर पाणी प्यायचे. अशा घरात मुलाने तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा नातेवाईक हळहळले, पण वडील मनातून खूश झाले असणार. ज्यात जगातल्या सगळ्या गोष्टींचा विचार करता येतो आणि ज्यात कोणी आपल्याला काही विचारत नाही, असा तो एकच विषय होता. सरांनाही तो मानवला. राज्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, नागरिक कोणाला म्हणावं, हे ते इतकं सुंदर शिकवत की स्वतःच रंगून जात, आणि तेवढ्यात बाहेरून एखादा मोर्चा घोषणा देत निघाला तर शिपायाला म्हणत, "खिडकी बंद कर रे, ऐकू येत नाही."

पुढच्या बैठकीचा रविवार उजाडला. सर भिंतीसमोर उभे राहून बोटं चालवत हात वर नेत होते. हा व्यायाम क्षितिजाने शिकवलेला. क्षितिजा ही त्यांची फिजिओथेरपिस्ट, गल्लीपलीकडच्या परदेशीपुऱ्यात राहणारी, तिचे आजोबा मिलमध्ये होते. ती मिलवाल्या गल्लीतून चालत यायची, सायकलीवरून एखादी येते तशी भरभर, दारातूनच बोलायला सुरुवात करायची. पहिल्याच दिवशी सरांनी तिला विचारलं होतं, की हात मी उचलायचा की तुम्ही उचलणार? ती म्हणाली, "सर, तुम्ही सोचता भोत. सोचायचं बादमध्ये. पहिले उचला." सरांना हे वाक्य फार आवडलं, इतकं, की त्यावर विचार करताना ते हात उचलायचंच विसरले. परवा तिने सहज सांगितलं, "गेट लागलं ना, तर मला पोलोग्राउंडकडून घुमून यावं लागेल. मग तुमचं रोजचं नाही जमणार, सर. देखते हैं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, आणि नेमकं तेच सरांना लागलं. तक्रार करण्याइतकीही ही कॉलनी तिला आपली वाटत नव्हती.

भिंतीवर बोटं चढत होती आणि सरांना गल्ली ऐकू येत होती. आताची नव्हे, लहानपणची. तेव्हा कॉलनी नव्हती, दोन-चार घरं होती, त्यांतलं एक यांचं. पहाटे मिलचा भोंगा झाला की गल्लीतून चपलांचा आवाज सुरू व्हायचा. अंथरुणात डोळे मिटून पडलेला लक्ष्मीकांत तो ऐकायचा. आधी एकदोन, मग दहावीस, मग इतकी पावलं की वेगळी काढता यायची नाहीत. मध्येच कोणाचा खोकला, कोणाचं हसणं, बिडीचा वास खिडकीतून आत. पाळी सुटायची तेव्हा तेच उलट्या दिशेने, जरा जड पावलांनी, केसांना कापसाचे तंतू लागलेले. आई म्हणायची, "पाळी सुटली," आणि चहाचं आधण ठेवायची. घराचं घड्याळ त्या पावलांवर चालायचं, आणि एकदाही घरातल्या कोणी दार उघडून विचारलं नाही, की बाबांनो, कसं काय. मिल बंद पडली. पावलं पातळ झाली. आता त्याच गल्लीतून नर्सिंगच्या पोरी जातात, शिवणकामाची बोचकी जातात, ट्यूशनची दप्तरं जातात, आणि भरधाव मोटारसायकली. त्या मोटारसायकलींपैकी एकीनेच उदयसिंहाच्या आईला, इंदिरामावशींना, धक्का देऊन पाडलं आणि त्यांचं मनगट मोडलं. म्हणून तर गेट. उदयसिंह काही दुष्ट माणूस नव्हता. सरांची अडचण हीच होती. समोरचा दुष्ट असता तर तत्त्वज्ञानाची गरजच पडली नसती.

"आज कसरत की काय?" मागून आवाज आला. यशोधराबाई चहा घेऊन उभ्या होत्या. यांच्यापासून काही लपवणं म्हणजे फुकटची मेहनत.

"बोलावं म्हणतोय," सर म्हणाले.

"बोला की. पण एक करा, उत्तरपक्षापासून सुरू करा. तुमचा पूर्वपक्ष ऐकून माझं लग्न मोडता मोडता राहिलंय."

सरांना हसू आलं. जुन्या शास्त्राची रीत अशी, की आधी समोरच्याची बाजू मांडायची, ती पूर्वपक्ष. आणि तीही लंगडी नाही, त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतकी भक्कम. मग आपली, ती उत्तरपक्ष. सरांच्या अंगात ही रीत मुरलेली. यशोधरेला बघायला गेले तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, तुमचं काय म्हणणं? तर हे गृहस्थ म्हणाले, की या मुलीने मला नकार का द्यावा याची कारणं प्रथम बघू. आणि अशी एकाहून एक बिनतोड कारणं दिली, की सासरेबुवांनी मान डोलावत चपला आणायला सांगितल्या. तेव्हा आतल्या दारातून एक आवाज आला होता, "आणि उत्तरपक्ष?" त्या आवाजाशी सरांनी संसार केला. आयुष्यात स्वतःच्या तोंडाने उघड उघड काही मागितलं असेल तर ते त्या दिवशी, आणि तेही कोणीतरी विचारलं म्हणून.

"या वेळी सांभाळून करतो," ते म्हणाले.

"कसले सांभाळता," यशोधराबाई म्हणाल्या. "चहा घ्या."

बगिच्यात सतरंज्या पडल्या होत्या. पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचा वास सुटला होता, थंडीतलं कोवळं ऊन होतं, माणसं खुशीत होती. पहिल्याच रांगेत खुर्चीवर इंदिरामावशी, हात गळ्यात बांधलेला. उदयसिंहाने गेटचं चित्र फिरवलं. चांगलं होतं, वर भाल्यांची टोकं वगैरे. मोहित्यांचे पूर्वज फौजेत होते, ते कुठेतरी येणारच. मग तो म्हणाला, "मत घेण्याआधी कोणाला काही बोलायचंय?" आणि दोऱ्याकडे वळला. सर उभे राहिले. एवढी वर्षं शेकडो पोरांपुढे बोललेला माणूस, पण तिथे कोणाचं काही ठरत नव्हतं, इथे ठरणार होतं. तोंड उघडलं आणि, अहो, सवय ती सवय, बाहेर पडला तो पूर्वपक्ष.

इंदिरामावशींच्या मनगटापासून त्यांनी सुरुवात केली. रस्ता सगळ्यांचा, असं आपण म्हणतो. पण सगळ्यांच्या रस्त्यावर भीती मात्र सगळ्यांना सारखी वाटत नाही, ती सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वाट्याला येते. ज्या गावात म्हाताऱ्या माणसाला दाराबाहेर पडताना धाकधूक वाटते, त्या गावाने न्यायाच्या गप्पा मारू नयेत. दार बंद करणं म्हणजे दरवेळी द्वेष नसतो. आई रात्री दाराला कडी लावते ती शेजाऱ्याचा राग म्हणून नव्हे, आत लेकरं झोपलेली असतात म्हणून. सर बोलत गेले. आवाज मोकळा झाला, वाक्यं आपसूक जुळू लागली. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. कोणीतरी ओरडलं, "वा सर! भिया, दिल की बात बोल दी!" टाळ्या सुरू झाल्या. सर श्वास घ्यायला थांबले, आता "परंतु" म्हणायचं होतं, पण टाळ्यांत तो "परंतु" कुठच्या कुठे वाहून गेला. उदयसिंह भरल्या आवाजात म्हणाला, "सर बोलल्यावर काय बाकी राहतं? गेटच्या बाजूने हात वर." आणि बगिचाभर हात वर झाले.

सर उभेच. सगळं ऊन एकदम पांढरं झाल्यासारखं वाटलं. कानात पावलं वाजायला लागली, पहाटेची, आणि त्यांच्यासमोर आपणच आत्ता गेट ओढून घेतलं, आपल्याच सुंदर वाक्यांनी. ओरडावं, थांबा म्हणावं. पण घशात नानासाहेब बसलेले. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीखाली एक हलकेपणाही होता, लबाड, ओळखीचा. झालं, आता आपल्याला काही करायला नको. घरी जाऊ. क्षितिजाला सांगू, प्रयत्न केला हो. यशोधराबाई सतरंजीवरून त्यांच्याकडे बघत होत्या, पण या वेळी आतल्या दारातून आवाज आला नाही. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. या वेळी तुमचं तुम्ही बोला, असं त्यांचं तोंड सांगत होतं.

उदयसिंह हात मोजत होता. मोजता मोजता त्याची नजर सरांच्या चेहऱ्यावर गेली आणि तो थांबला. पुन्हा मोजायला लागला, पुन्हा थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. मग त्याने दोन्ही हात हवेत हलवले.

"रुको, रुको. हात खाली घ्या सगळे."

"का बरं? झालं ना!" मागून कोणीतरी.

"नाही झालं. अरे, मी सरांचा विद्यार्थी आहे, मला माहीत आहे. हे पहिले समोरच्याची बाजू बोलतात. मी अर्ध्या तासात मागच्या दाराने पळायचो, चहाला. परीक्षेत प्रश्न आला, राजाची आज्ञा मानावी की नाही. मी जेवढं ऐकलं होतं तेवढं भरभरून लिहिलं, की मानावी. सरांनी खाली लाल शाईने लिहिलं, उत्तरपक्ष बाकी आहे. सप्लीमेंट्री आली मला, पूरा मोहल्ला हसला." हशा झाला, उदयसिंहही हसला, आणि मग गंभीर होऊन सरांकडे वळला. "सर, हे जे बोलले ते माझं होतं. माझ्याहून चांगलं बोलले. आता तुमचं बोला. आज मी पळत नाही."

उदयसिंह नुसता गप्प बसला असता तरी जिंकला होता. गेट त्याच्या मुठीत आलं होतं. सरांना एकदम इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि ते लपवावेत हेही त्यांना सुचलं नाही. जन्मभर त्यांना वाटत आलं होतं, की विचार इकडे आणि राजकारण तिकडे, मध्ये बंद खिडकी. आपण जे शिकवलं ते पोरांनी परीक्षेपुरतं वापरलं आणि रस्त्यावर टाकून दिलं. आणि इथे हा, मागच्या दाराने पळणारा, हातात आलेली मतं खाली सोडून म्हणत होता, की समोरच्याचं ऐकायचं राहिलंय. एवढंच तर असतं. राज्य, न्याय, नागरिक, जाडजूड शब्द सगळे, त्यांच्या तळाशी एवढंच तर असतं, की मोजणी थांबवून कोणीतरी म्हणावं, तुमचं बोला.

घरून जुळवून आणलेले मुद्दे गेले ते गेलेच. सर साधं बोलले. म्हणाले, "हा हात बघा. दिवाळीत हा कमरेच्या वर जात नव्हता. क्षितिजा रोज त्या गल्लीतून येते म्हणून आज इथवर जातो. गल्लीतून मोटारसायकली येतात, खरं आहे. माझा हातही तिथूनच आलाय." लोक हसले, पण ऐकू लागले. त्यांनी पावलांचं सांगितलं, भोंग्याचं, आईच्या चहाचं. म्हणाले, "एवढी माणसं दारावरून गेली, आम्ही कधी दार उघडलं नाही. पण बंदही केलं नव्हतं हो. ते आपण आज करणार. मावशींना धक्का दिला तो गाडीने, चालणाऱ्याने नाही. गेट दोघांना अडवतं. गाडी अडेल आणि माणूस जाईल, असं काही आपल्याला सुचू नये?"

खुर्चीवरून इंदिरामावशीच म्हणाल्या, "खांब रोवा ना रे! आमच्या माहेरी देवळाच्या वाटेला असेच होते, जवळ जवळ. गुरं अडायची, माणसं जायची."

उदयसिंह आईकडे बघतच राहिला. "आई, हे तू आधी का नाही बोलली?"

"तू विचारलं कुठे? तू तर सीधा गेटचं चित्र घेऊन आला. आणि गल्ली बंद झाली तर माझ्या मनगटाला कोण येणार? प्लास्टर निघालं की तीच पोरगी येणार आहे, बोलून ठेवलंय मी."

असा हशा झाला की झाडावरचे पोपट उडाले. उदयसिंहाने गेटचं चित्र घडी घालून खिशात टाकलं, भाल्यांचं जरा वाईट वाटलंच त्याला, आणि घसा खाकरून तो म्हणाला, "ठीक आहे. आता नियमाने. गेटच्या विरोधात कोण?"

सरांना खांद्यात पुन्हा ती हालचाल जाणवली. या वेळी ते तिच्या पुढे निघाले. हात वर नेला. कानापाशी कळ आली, ती मागे टाकली आणि पार सरळ, आभाळाकडे. फरक काय, जास्तीचं काय, ते सगळं आत्ता खांद्यात होतं, आणि फळ्यावर मांडायची काही गरज नव्हती. आजूबाजूला हात उठत होते, मावशींचा धडधाकट हात, यशोधराबाईंचा बांगड्यांसकट. शेवटी उदयसिंहाचाही उठला. त्याने मिश्कीलपणे विचारलं, "सर, कसरत आहे की विरोध?"

"विरोध," सर म्हणाले. आवाज बगिच्याच्या टोकापर्यंत गेला.

मोजणी झाली. हात खाली आले, पुड्याचा दोरा सुटला, पोह्यांवर शेव पडली, माणसं उठून प्लेटांकडे गेली. सर तसेच उभे होते, हात वर करून, उन्हात, एकटेच. यशोधराबाई जवळ आल्या.

"अहो, झालं. जिंकलात. घ्या आता खाली."

"राहू दे गं थोडा वेळ," सर म्हणाले, "बरं वाटतंय."